कवच नाजूक पडतंय: जात बदलू की खाद्य?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावकडच्या एका लेयरवाल्याकडे (अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याकडे) पिंजऱ्यात ६,००० पांढऱ्या कोंबड्या आहेत, वय ६८ आठवडे. तडकलेली अंडी शेकड्याला दोन-तीन निघायची, ती आता सात-आठ निघतात. हॅचरीवाला म्हणतो खाद्य तपासा, खाद्यवाला म्हणतो जातच तशी आहे. पुढच्या बॅचला ब्राऊन लेयर (तपकिरी अंडी देणारी जात) घ्यावी का, आणि घरामागे ज्या ग्रामप्रिया (परसात पाळायची संकरित जात) कोंबड्या आहेत त्यांची अंडी उबवून पिल्लं काढली तर आईसारखीच अंडी देतील का, हेही त्यांनी विचारलंय.

आधी पहिल्याचं उत्तर. जातीचा दोष एका आठवड्यात उगवत नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं तेव्हाच त्याची जनुकं ठरलेली असतात आणि ६८ आठवड्यांनीही ती तीच असतात. म्हणून कवच आठ-दहा दिवसांत एकदम बिघडलं असेल, तर जात सोडा आणि खाद्य, पाणी, ऊन, आजार याच क्रमाने शोधा. पण गेले चार महिने तडकलेल्या अंड्यांचा आकडा हळूहळू चढत आला असेल, तर त्यात जातीचा हात नक्की आहे. वय वाढल्यावर कवच किती वेगाने उतरणार, तो उतार बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. तेव्हा तुमची वही काढा आणि ४० आठवड्यांपासूनचे तडकलेल्या अंड्यांचे आकडे ओळीने मांडा. निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

आता जनुकं नेमकं काय करतात ते बघू. अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले १८ ते २० तास ते एकट्या कवचग्रंथीत, म्हणजे गर्भाशयात, काढतं. एका कवचात साधारण सव्वादोन ग्रॅम कॅल्शियम जातं. कोंबडीच्या रक्तात कोणत्याही क्षणी कॅल्शियम असतं फार तर २०-३० मिलिग्रॅम. म्हणजे रात्रभर, दर दहा-पंधरा मिनिटांना, रक्तातलं सगळं कॅल्शियम कवचात जातं आणि तेवढंच आतड्यातून नाहीतर हाडातून परत भरावं लागतं. आतड्याने कॅल्शियम किती ओढायचं, हाडातलं किती मोकळं करायचं, ग्रंथीने ते कोणत्या वेगाने बाहेर टाकायचं, यातल्या प्रत्येक कामामागे वेगवेगळी जनुकं आहेत. म्हणूनच ‘जाड कवचाचं जनुक’ असं एकच काही सापडत नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो.

त्यातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि शेडवर त्याबद्दल कोणी बोलत नाही. कवच म्हणजे नुसता चुना नव्हे. त्यात दोन-तीन टक्के प्रथिनांचं जाळं असतं: ओव्होक्लिडिन, ओव्होकॅलिक्सिन, ऑस्टिओपॉन्टिन अशी नावं आहेत. चुन्याचे स्फटिक किती मोठे व्हायचे, कोणत्या दिशेने रचले जायचे, हे ही प्रथिनं ठरवतात आणि त्यांच्या जनुकांत कोंबडी-कोंबडीत फरक असतो. स्क्रू गेजने मोजलं तर दोन्ही कवचं सारखीच ०.३५ मिलिमीटर भरतात, तरी एक ट्रेमध्ये टिकतं आणि दुसरं तडकतं, ते याच्यामुळे. कॅल्शियम वाढवून जाडी थोडी वाढवता येते; रचना मात्र जशी आली तशीच राहते.

आनुवंशिकतेचे आकडे पुस्तकात दिसतात ते असे: अंड्याचं वजन ०.४ ते ०.६, कवचाची मजबुती ०.२ ते ०.४, अंड्यांची संख्या ०.१ ते ०.३. बरेच जण याचा उलटा अर्थ लावतात. ०.३ म्हणजे ‘तुमच्या पातळ कवचाला ३० टक्के जात जबाबदार’ असं नाही. एकाच शेडमध्ये, एकाच खाद्यावर असलेल्या कोंबड्यांमध्ये जो आपापसात फरक दिसतो, त्यातला इतका हिस्सा आई-बापाकडून आलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. पैदास करणाऱ्याला हा आकडा लाखमोलाचा. तुम्हाला-मला त्यातून एवढंच घ्यायचंय की अंड्याचं वजन निवडीने पटकन बदलतं, कवच त्यापेक्षा सावकाश, आणि संख्या सगळ्यात सावकाश.

आणि इथेच तुमच्या शेडचं खरं दुखणं आहे असा माझा अंदाज आहे. वयाबरोबर अंडं मोठं होतं, पण कोंबडी कवचासाठी काढते ते कॅल्शियम त्या मानाने वाढत नाही. तेवढ्याच पिठाची मोठी भाकरी थापली तर ती पातळच होणार. हिशोब करून बघा. तिशीच्या आठवड्यांत अंडं ५५ ग्रॅमचं आणि कवच ५.५ ग्रॅमचं असेल, तर कवच बरोबर १० टक्के झालं. सत्तरीच्या आसपास तेच अंडं ६५ ग्रॅमचं झालं आणि कवच समजा ५.९ ग्रॅम झालं. वजनात कवच वाढलेलं दिसतं, पण टक्का ९.१ वर आला आणि पृष्ठभाग वाढल्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला चुना कमी पडला. वर वयस्क कोंबडीत स्फटिकांची रचनाही ढिली पडत जाते.

अंडं किती मोठं होणार हे जातीत लिहिलेलं असतं, आणि दोन जातींमधला मोठा फरक मला इथेच दिसतो. एका जातीत अंड्याचं वजन पन्नाशीच्या आठवड्यांपर्यंत वाढून जवळजवळ थांबतं. दुसरीत ते शेवटपर्यंत चढतच राहतं. युरोपात अंडं वजनाच्या वर्गवारीने विकलं जातं, त्यामुळे तिथे मोठ्या अंड्याला अर्थ आहे. आपल्याकडे एनईसीसीचा (अंड्यांचे दर काढणाऱ्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा) रेट शंभर नगांवर निघतो. ६६ ग्रॅमच्या अंड्याला तुम्हाला ५६ ग्रॅमच्या अंड्याइतकेच पैसे मिळतात. खाद्य मात्र जास्त गेलेलं असतं आणि वर तडे. लहान अंड्याला व्यापारी भाव कापतो हे खरं, पण ती तक्रार सुरुवातीच्या आठवड्यांतली. पुढची बॅच निवडताना हॅचरीला ‘पीक (उत्पादनाचा सगळ्यात वरचा टप्पा) किती टक्के जातं?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा: ७० आणि ८० आठवड्यांना अंड्याचं सरासरी वजन किती, आणि कवचाची फुटण्याची ताकद किती? जातीच्या मानक पुस्तिकेत हे आकडे असतात. त्याहून चांगलं म्हणजे त्याच जातीची ७५ आठवड्यांची बॅच असलेलं शेड गाठा आणि तिथल्या अंड्याच्या खोलीत सकाळी दहा मिनिटं उभे राहा.

आता, तुमच्या आजच्या शेडमध्ये दोष कोंबडीत आहे की बाहेर, हे ओळखायची एक रीत सांगतो. पैसे लागत नाहीत, माणूस मात्र नेटका हवा. मधल्या रांगेतले सलग ५० पिंजरे निवडा आणि त्यांना नंबर द्या. दहा दिवस त्या पिंजऱ्यांची अंडी वेगळी गोळा करा, पेन्सिलीने अंड्यावर पिंजऱ्याचा नंबर टाका आणि अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं फिरवून बघा. केसासारखा बारीक तडा उजेडात पांढऱ्या रेघेसारखा दिसतो, नुसत्या डोळ्यांनी तो सुटतो. तडकलेलं, खडबडीत, लांबुडकं, टोकाला काचेसारखं पातळ, जे निघेल ते नंबरासमोर मांडा. दहा दिवसांनी वही उघडली की दोनपैकी एक चित्र दिसतं. वाईट अंडी ठरावीक सात-आठ पिंजऱ्यांतच पुन्हा पुन्हा निघत असतील, तर दोष त्या कोंबड्यांचा आहे: एकतर उपजत, नाहीतर लहानपणी आयबी (इन्फेक्शस ब्राँकायटिस) किंवा तत्सम आजाराने अंडनलिकेला कायमची इजा झालेली. कोंबडीचं अंडं तिच्या सहीसारखं ठरलेलं असतं. आकार, ठिपके, टोकाचा निमुळतेपणा रोज तोच. अशा कोंबड्या शोधून काढून टाकल्या की तड्यांचा आकडा लगेच खाली येतो. वाईट अंडी पन्नासही पिंजऱ्यांत विखुरलेली निघाली, तर मात्र सगळ्या कोंबड्यांवर एकच गोष्ट येऊन पडलेली आहे, आणि आकडा वयाबरोबर हळूहळू चढलेला नसेल तर ती जात नसते. पिंजऱ्याच्या तळाचा उतार, गंजलेली जाळी, गोळा करणाऱ्याचा हात, हेही या दुसऱ्या खात्यात येतात. टोकाला काचेसारखं अंडं बऱ्याच पिंजऱ्यांत दिसलं तर मायकोप्लाझ्मा सायनोव्ही या जंतूची तपासणी करून घ्या.

जोडीला मिठाच्या पाण्याची परीक्षा करा. हायड्रोमीटर (पाण्याची घनता मोजायची नळी) लावून १.०७० घनतेपासून ०.००५च्या टप्प्याने १.१०० पर्यंत बादल्या लावायच्या आणि त्याच दिवशीची ताजी अंडी हलक्या पाण्याकडून जड पाण्याकडे बुडवत जायची. ज्या बादलीत अंडं तरंगलं ती त्याची घनता. बहुतेक अंडी १.०८०च्या आतच तरंगायला लागली तर कवच कमजोर समजा. शिळं अंडं यात घेऊ नका. हवेची पोकळी वाढल्याने ते उगीच हलकं भरतं.

खानदेशच्या उन्हाबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. कोंबडी धापा टाकते तेव्हा शरीरातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं, आणि कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियम भरपूर असलं तरी कार्बोनेट कमी पडतं, शिवाय उन्हात ती खाद्यही कमी खाते. हे सगळ्या जातींना लागू आहे, पण सारख्या प्रमाणात नाही. मानेवर पिसं नसलेल्या कोंबड्या गावात पाहिल्या असतील. ते एकाच जनुकाचं काम आहे. त्याची एक प्रत असली तरी अंगावरची पिसं पाव हिश्श्याच्या आसपास घटतात, दोन असल्या तर त्याहूनही जास्त, आणि अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. उष्ण हवेत अशा कोंबड्यांचं अंड्याचं वजन आणि कवच पूर्ण पिसांच्या भावंडांपेक्षा चांगलं टिकतं. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने हेच जनुक घेऊन ‘हितकारी’ काढली, आणि कुरळ्या पिसांचं जनुक घेऊन ‘उपकारी’. या परसातल्या कोंबड्या आहेत, पिंजऱ्यातल्या ६,००० कोंबड्यांच्या धंद्यात त्या परवडणार नाहीत. तुमच्या शेडला फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे) आणि पंखेच लागतील.

ब्राऊन लेयरचं म्हणाल, तर भाव जास्त मिळतो हे खरंय, आणि तो का मिळतो हे आपण सगळे जाणतो: गिऱ्हाईक तपकिरी अंडं गावरान समजून घेतं. रंग पूर्णपणे जातीचा. प्रोटोपॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य कवच पुरं होत आल्यावर, शेवटच्या काही तासांत, वरच्या थरात बसतं. तपकिरी अंडं फोडून आतली बाजू बघा, पांढरीच दिसेल. पोषणाचा आणि या रंगाचा काही संबंध नाही. (निळ्या अंड्याची गोष्ट न्यारी. चिलीतली अरौकाना आणि चीनमधली डोंगशियांग यांच्यात एका जुन्या विषाणूचा तुकडा एसएलसीओ१बी३ या जनुकाशेजारी जाऊन बसला, दोन्हीकडे स्वतंत्रपणे, आणि तेव्हापासून बिलिव्हर्डिनचा निळा रंग कवचात उतरतो, तोही आरपार. २०१३ साली हे उलगडलं. आणि कडकनाथचं अंडं काळं नसतं. काळं मांस वेगळ्या जनुकाचं काम आहे. अंडं फिकट बदामीच असतं. काळं अंडं कोणी दाखवलं तर घेऊ नका.)

तपकिरी कोंबडीच्या काही खोडी आधीच माहीत असाव्यात. रंग शेवटी बसत असल्यामुळे कोंबडी दचकली, अंडं वेळेआधी पडलं, की ते फिकं पडतं. अंडं आत जास्त वेळ राहिलं तर वर पांढरी भुकटी बसल्यासारखं दिसतं. वयाबरोबरही रंग उतरतो. एकदम सगळीच फिकी पडली तर रानीखेत, आयबी, ईडीएस (एग ड्रॉप सिंड्रोम) या आजारांचा संशय घ्या, आणि खाद्यगिरणीत ब्रॉयलरच्या खाद्यातलं निकारबाझिन हे औषध मिसळलं का हेही विचारा, त्याने तपकिरी रंग हमखास जातो. दुसरी खोड म्हणजे मांसाचे ठिपके. पांढऱ्या अंड्यापेक्षा तपकिरी अंड्यात ते जास्त निघतात, आणि गडद कवचातून उजेडावर दिसतही नाहीत, त्यामुळे तक्रार थेट गिऱ्हाइकाच्या कढईतून येते.

तिसरी खोड वासाची. कधीकधी एखाद्या ट्रेमधलं एखादंच अंडं मासळीसारखं वास मारतं. एफएमओ३ या जनुकात बिघाड असलेली कोंबडी ट्रायमिथाइलअमीन पचवू शकत नाही आणि ते बलकात उतरतं. आई-बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली आणि खाद्यात मोहरीवर्गाची पेंड, मासळी कुटी किंवा जास्त कोलीन असलं, की मगच वास येतो. जनुक आणि खाद्य दोन्ही जुळावे लागतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. २००५ साली हे जनुक सापडल्यावर मोठ्या पैदास कंपन्यांनी चाचणी लावून ते आपल्या ब्राऊन जातींतून काढलं. गावोगावच्या मिसळ रंगीत कोंबड्यांत मात्र त्याची हमी कोणी देत नाही. तिथे परसात सुकट घालताना हात आखडता ठेवा.

आतल्या दर्जाबद्दल थोडक्यात. पांढरा भाग किती घट्ट उभा राहतो ते हॉ युनिटमध्ये मोजतात. १९३७ पासून हेच माप चालू आहे. त्यात जातीचा वाटा बऱ्यापैकी आहे, वयाने ते घटतं, पण मे महिन्यात बिनथंड गोदामात चार दिवस काढले की चांगल्या जातीचा फायदाही वाहून जातो. पिवळ्या बलकाचा रंग मात्र जवळजवळ सगळा खाद्याचा: पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या, हिरवा चारा. गावरानचा बलक केशरी असतो कारण ती उकिरड्यावर नि गवतात फिरते. तिला पिंजऱ्यात घालून तांदळाची कणी द्या, महिनाभरात तिचाही बलक फिका पडेल.

घरामागच्या ग्रामप्रियांबद्दल. अंडी उबवायला काहीच हरकत नाही, पण आईसारखं उत्पादन धरू नका. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने ती दोन वेगळ्या वंशांच्या संकरातून बांधली आहे. पहिल्या पिढीत संकराचा जोम आणि सारखेपणा दोन्ही मिळतो, पुढच्या पिढीत जनुकं पुन्हा पिसली जातात. एकीचं अंडं गडद, दुसरीचं पांढुरकं, एक दोनशेच्या जवळ जाणारी तर दुसरी शंभरातच खुडूक बसणारी, असा कळप तयार होतो. खुडूक बसणंही आनुवंशिकच. लेयरमधून ते निवडून निवडून घालवलेलं आहे, गावरान कोंबडा आला की ते परत येतं. घरच्या खाण्यापुरतं हवं असेल तर त्यात वाईट काही नाही, उलट पिल्लं काढायला एखादी खुडूक कोंबडी लागतेच. विक्रीसाठी करायचं तर दर वेळी एक दिवसाची पिल्लं किंवा तयार तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) विकत घ्या.

कोंबडा निवडताना एक ध्यानात ठेवा: तो अंडं देत नाही, पण पिल्लांची निम्मी जनुकं त्याची. पूर्वी पैदासकाराला कोंबड्याच्या बहिणी नि मुली अंड्यावर येऊन त्यांची कवचं मोजेपर्यंत त्याची किंमत कळत नसे. २००४ मध्ये कोंबडीचा जनुकसंच वाचून झाला आणि नंतर हजारो खुणा एकदम तपासणाऱ्या चिप आल्या, तेव्हापासून नुकत्या जन्मलेल्या नराचाही अंदाज बांधता येतो. कवचही आता फोडून बघत नाहीत. छोट्या दांडीने हलकेच ठोकतात आणि घुमणाऱ्या आवाजावरून त्याचा ताठपणा मोजतात. हे माप फुटण्याच्या ताकदीपेक्षा जास्त आनुवंशिक निघालं, म्हणून निवडीला सोपं. शंभर आठवड्यांत ५०० अंडी हे ध्येय मोठ्या कंपन्यांनी समोर ठेवलंय, आणि त्या वाटेत कवच हाच मोठा अडसर आहे. आपल्या परसात यातलं काही नाही, पण सत्तर आठवड्यांची झाल्यावरही जिची अंडी घट्ट निघतात तिचा मुलगा राखायचा, आणि तो सख्ख्या बहिणींवर न सोडता शेजारच्या कळपात बदलून घ्यायचा, एवढं जमतं.

चालू बॅचसाठी सांगायचं तर ६८व्या आठवड्यात जात बदलता येत नाही, अंडं आणखी मोठं होऊ न देणं मात्र हातात आहे. खाद्यतज्ज्ञाला विचारून प्रथिन आणि मिथिओनिन थोडं खाली आणा. कॅल्शियम रोजी चार ग्रॅमच्या आसपास पोटात जायला हवं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग दोन ते चार मिलिमीटरच्या ग्रिटचा (जाड खड्यांचा) असू द्या, तोही दुपारनंतरच्या खाद्यात; बारीक पावडर रात्र व्हायच्या आत निघून जाते. डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) वाढवू नका, जादा फॉस्फरस कवचाला मारकच. अंडी दिवसातून तीनदा उचला. पंधरा दिवसांनी तड्यांचा आकडा पाचाच्या खाली आला तर बॅच पुढे ओढा. नाही आला, तर तडक्या अंड्याला मिळणारा भाव आणि रोजचं खाद्य यांचा हिशोब मांडून ७२ला काढायची की ८०ला, ते ठरवा.